कुत्र्याच्या कानातील संसर्ग: स्टेरॉइड नसलेले औषध आधी द्यावे का?

धागाकर्ती, पुणे

आमच्या घरी बंड्या नावाचा सहा वर्षांचा लॅब्रेडॉर आहे. गेली तीन वर्षे पाऊस स्थिरावला की त्याचा उजवा कान बिघडतो. आधी तो रात्रीबेरात्री डोके झाडू लागतो, मग मागच्या पायाने कान खाजवता खाजवता विव्हळतो, आणि पाळ उचलून पाहिली की आत तपकिरी, मेणचट मळ दिसतो व आंबलेल्या पिठासारखा वास येतो. दर वेळी आम्हाला एकच औषध मिळत गेले: जंतुनाशक, बुरशीनाशक आणि स्टेरॉइड ही तिन्ही एकत्र असलेले थेंब. तिसऱ्या दिवशी खाज थांबायची, सातव्या दिवशी आम्ही औषध बंद करायचो, आणि पाच-सहा आठवड्यांत पुन्हा तेच. गेल्या वर्षी जून ते ऑक्टोबर या काळात हे चार वेळा घडले. पहिल्या तीन वेळी कानात नेमके काय वाढले आहे, हे कोणीही तपासून पाहिले नाही.

चौथ्या वेळी आम्ही दुसऱ्या पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी कापसाची काडी कानात फिरवून ती काचपट्टीवर लोळवली, पट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मलाही पाहायला बोलावले. जांभळट रंगाचे, भुईमुगाच्या शेंगेसारखे मध्ये आवळलेले असंख्य कण तिथे दिसत होते. ते मॅलासेझिया नावाचे यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी होती. जीवाणू जवळजवळ नव्हतेच. कानाची नळी उघडी होती, पडदा शाबूत होता, सूज बेताची होती. त्यांनी एक दिवसाआड कान धुण्यासाठी द्रावण आणि मायकोनॅझोल हे बुरशीनाशक असलेले, स्टेरॉइड नसलेले थेंब दिले. खाज पूर्ण थांबायला नऊ दिवस लागले, हे मी लपवत नाही. औषध अठरा दिवस चालले, विसाव्या दिवशी काचपट्टी पुन्हा पाहिली आणि ती स्वच्छ निघाली.

म्हणून माझे मत असे आहे की ज्या कानाची नळी उघडी आहे, पडदा शाबूत आहे आणि काचपट्टीवर केवळ यीस्ट दिसते आहे, त्या कानासाठी स्टेरॉइड नसलेले औषध हा पहिला पर्याय असावा. स्टेरॉइड मागाहून, गरज दिसली तरच यावे. स्टेरॉइडने खाज आणि लाली इतक्या लवकर उतरते की कान बरा झाला असे आम्हा पालकांना वाटते आणि आम्ही औषध मध्येच सोडतो, संसर्ग मात्र आत शिल्लक राहतो. शिवाय स्टेरॉइड कानातून काही प्रमाणात रक्तात शोषले जाते, आणि पावसाळाभर तेच थेंब पुन्हा पुन्हा घातले तर शरीराची स्वतःचे स्टेरॉइड तयार करण्याची क्रिया मंदावू शकते. त्याच बाटलीत जंतुनाशकही असते. ज्या कानात जीवाणू नाहीत, तिथे ते विनाकारण घालून जंतूंना त्या औषधाची सवय का लावायची? माझी मागणी कुणाला अवाजवी वाटत असेल, तर त्यांनी कारणे अवश्य मांडावीत.

पशुवैद्य, चिपळूण

मी कोकणात पंधरा वर्षे लहान प्राण्यांवर उपचार करतो, आणि पावसाळ्यात कानाच्या तक्रारी घेऊन आलेली कुत्री माझ्याकडे रोज असतात. काचपट्टी पाहण्याचा आग्रह योग्यच आहे, आणि जीवाणू नसताना जंतुनाशक घालू नये हेही मला मान्य आहे. स्टेरॉइडविषयीचा निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

कुत्र्याच्या कानाची नळी माणसाच्या नळीसारखी सरळ आत जात नाही. ती आधी खाली उतरते आणि मग काटकोनात वळून पडद्याकडे जाते. आतली त्वचा सुजली की ही अरुंद वाट आणखी आक्रसते, ग्रंथी अधिक मेण स्रवू लागतात आणि वरून घातलेले थेंब त्या वळणापाशीच अडकतात. स्टेरॉइड सूज उतरवून औषधाला वाट करून देते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते दुखणे कमी करते. जो कुत्रा कानाजवळ हात नेताच दात दाखवतो, त्याच्या कानात घरच्या माणसांनी दोन-तीन आठवडे रोज थेंब घालायचे कसे?

बंड्याला खाज थांबायला लागलेले नऊ दिवस मला थोडे वाटत नाहीत. एवढ्या दिवसांत डोके झाडून झाडून पाळीतली एखादी रक्तवाहिनी फुटली असती, तर पाळ रक्ताने भरून उशीसारखी फुगली असती. असे रुग्ण मी दर पावसाळ्यात पाहतो.

आता मुख्य मुद्दा. हे यीस्ट निरोगी कानातही थोडेफार असतेच. ते बोकाळते, कारण त्वचा आधीच बिघडलेली असते, आणि पुन्हा पुन्हा बिघडणाऱ्या कानामागे बहुतेक वेळा ॲलर्जी निघते. ॲलर्जीमुळे त्वचेला आलेला दाह हाच तिथला मूळ आजार असतो. बुरशीनाशक तो दाह शमवत नाही, स्टेरॉइड शमवते. त्यामुळे धागाकर्ती ज्याला आजार झाकणे समजतात, ते पुष्कळदा मुळावरचे औषध असते. सातव्या दिवशी थेंब बंद केले ही चूक होती, पण त्या चुकीचे खापर स्टेरॉइडवर फोडता येणार नाही. शिवाय सगळी स्टेरॉइडे एका मापाची नसतात. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन यांच्याबाबतची तुमची काळजी रास्त आहे. हायड्रोकॉर्टिसोन ॲसिपोनेट मात्र त्वचेत आपले काम करते आणि रक्तात पोहोचेपर्यंत त्याचा जोर बराच ओसरलेला असतो. मोमेटासोनही फार कमी शोषले जाते.

कॉकर स्पॅनिएलचा पालक, ठाणे

स्टेरॉइड नको असा हट्ट आम्हीही धरला होता, आणि त्याची किंमत आमच्या राणीने मोजली. डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांच्या खोक्यावर स्टेरॉइडचे नाव वाचले आणि ती बाटली आम्ही फ्रिजवर ठेवून दिली. आमच्या घरी लहान मुलांचा कान दुखला की खोबरेल तेलात लसूण कडकडवून ते कोमट तेल कानात घालत असत. तेच तेल आम्ही राणीच्या कानात जवळजवळ दोन महिने घातले. तेलाने मळ मऊ होऊन बाहेर येई, आणि आम्हाला वाटे की कान साफ होत आहे.

प्रत्यक्षात आतली त्वचा जाड होत गेली आणि नळी बंद झाली. पुढे तपासणी झाली, तेव्हा नळीभोवतीची कूर्चा टणक झाली होती आणि संसर्ग पडद्यापलीकडे पोहोचला होता. शेवटी शस्त्रक्रिया करून उजव्या कानाची पूर्ण नळी काढून टाकावी लागली. आज राणीला वेदना नाहीत, ती खाते, खेळते. पण उजवीकडून ताट वाजवले तरी तिची मान वळत नाही.

धागाकर्ती तेलाची बाजू घेत नाहीत, हे मला समजते. त्यांनी घातलेल्या तीनही अटी योग्य आहेत. परंतु घराघरांत पोहोचताना त्या अटी वाटेत गळून पडतात आणि "स्टेरॉइड नको" एवढेच उरते, आणि मग तेल, व्हिनेगर, हळदीचे पाणी असे काहीही चालेल असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणून अशा विषयाला "स्टेरॉइड नसलेले औषध" असे शीर्षक देणेच मला धोक्याचे वाटते.

मधुमेही कुत्री सांभाळणारी, नागपूर

ठाण्याच्या दादांचे दुःख मी समजू शकते, तरीही मला धागाकर्तीच्या बाजूने बोलायचे आहे. आमची पॉमेरेनियन अकरा वर्षांची आहे आणि तिला दिवसातून दोनदा इन्सुलिन द्यावे लागते. स्टेरॉइड इन्सुलिनच्या विरुद्ध काम करते, हे मला तिच्या पाण्याच्या भांड्याने शिकवले. एरवी सकाळी भरलेले भांडे संध्याकाळपर्यंत पुरत असे. डेक्सामेथासोन असलेले कानाचे थेंब सुरू केल्यावर चौथ्या दिवसापासून ते दुपारीच कोरडे होऊ लागले, आणि मोजली तेव्हा रक्तातली साखर खूप वर गेलेली होती. गोळी नव्हती, इंजेक्शन नव्हते. केवळ कानाचे थेंब होते. थेंब बंद केल्यावर साखर पुन्हा आटोक्यात आली.

तिच्या कानातून पिवळट-हिरवा पू येत होता. तो तपासणीला पाठवला तेव्हा सूडोमोनास हा चिवट जीवाणू निघाला आणि त्यावर कोणते जंतुनाशक लागू पडेल हेही कळले. मग आमच्या डॉक्टरांनी स्टेरॉइड वगळून उपचार आखला. आधी ट्रिस-ईडीटीए या द्रावणाने कान धुवायचा. हे द्रावण जीवाणूच्या आवरणातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ओढून घेते, त्यामुळे आवरण कमजोर होते, आणि दहा-पंधरा मिनिटांनी घातलेले जंतुनाशक चांगले लागू पडते. सहा आठवडे लागले. ते सहा आठवडे सोपे नव्हते, पण कान बरा झाला आणि इन्सुलिनची मात्रा वाढवावी लागली नाही. मधुमेही, गाभण किंवा आधीच शरीरात स्टेरॉइड जास्त झालेल्या कुत्र्यांच्या बाबतीत हा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. अशा पालकांनी थेंब घेण्यापूर्वीच डॉक्टरांना तसे सांगावे, कारण घाईच्या ओपीडीत कानाच्या रुग्णाला मधुमेहाविषयी विचारलेच जाईल असे नाही.

न्यू जर्सीहून

एक छोटी भर घालतो. इकडे झायमॉक्स नावाचे विकरयुक्त थेंब चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतात, आणि त्याचे दोन प्रकार आहेत: एकात १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन असते, दुसऱ्यात नसते. नातेवाइकांकडून ते मागवणाऱ्यांनी लेबल नीट वाचावे, कारण नाव तेच असल्यामुळे गफलत होते. आणि ते चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून तपासणी टाळू नये. पडदा फाटलेला असेल तर काही औषधे आतल्या कानापर्यंत पोहोचून ऐकणे आणि तोल दोन्ही बिघडवू शकतात. जेंटामायसिन आणि क्लोरहेक्सिडीन ही त्यांतली नेहमी वापरात असलेली नावे.

धागाकर्ती, पुणे

ठाण्याच्या दादांचा प्रतिसाद वाचून मन भरून आले. शीर्षकाबद्दलचा त्यांचा आक्षेप मला मान्य आहे, म्हणून येथे स्पष्ट लिहिते की तेल, व्हिनेगर किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड यांतले काहीही मी सुचवत नाही आणि बंद झालेल्या, ठणकणाऱ्या कानात स्टेरॉइड टाळावे असेही म्हणत नाही.

डॉक्टरसाहेब, औषध लवकर बंद करण्याची चूक आमची होती, हे मी स्वीकारते. पण सात दिवसांनी पुन्हा दाखवायला या, असे आम्हाला तीनपैकी एकदाही सांगितले गेले नाही. खाज हे आम्हा पालकांना दिसणारे सर्वांत ठळक लक्षण आहे, आणि तेच तिसऱ्या दिवशी नाहीसे होत असेल तर औषध चालू ठेवण्याची आठवण कशाच्या आधारे राहणार? स्टेरॉइड नसताना खाज आणि संसर्ग बरोबरीने कमी होताना दिसले, म्हणून आम्ही अठरा दिवस टिकलो. पालकांच्या वागण्याचा हा भागही उपचारात धरला पाहिजे.

पशुवैद्य, चिपळूण

हा मुद्दा मला नव्याने विचार करायला लावणारा आहे आणि तो मी खोडून काढणार नाही. आमच्याकडून पुन्हा बोलावणे राहून जाते, हे खरे आहे. नागपूरच्या ताईंच्या कुत्रीसाठी मीही तोच मार्ग निवडला असता.

तरीही दोन प्रश्न विचारतो. प्रत्येक वेळी किती औषध घालत होता? बहुतेक जण तीन-चार थेंब टाकतात आणि ते पाळीलाच चिकटतात. लॅब्रेडॉरच्या नळीला साधारण १ मिली लागते, म्हणून मी सुई काढलेल्या सिरिंजने मापून घालायला सांगतो आणि मग कानाच्या बुडाशी पचपच आवाज येईपर्यंत चोळायला लावतो. दुसरे, बंड्या पंजे चाटतो का? बोटांमधले केस तांबूस झाले आहेत का?

धागाकर्ती, पुणे

आम्ही चारच थेंब घालत होतो. आणि होय, तो पुढचे पंजे चाटतो. बोटांमधले पांढुरके केस विटकरी झाले आहेत. ती त्याची सवय आहे असेच आम्ही समजत आलो.

पशुवैद्य, चिपळूण

मग कान हे एका मोठ्या दुखण्याचे, म्हणजे ॲलर्जीचे, टोक असण्याची शक्यता बरीच आहे. त्याला आजवर चिकन, दूध, बिस्किटे असे जे जे मिळाले आहे ते सगळे थांबवून, पूर्वी कधी न खाल्लेल्या एकाच प्रकारच्या मांसावर किंवा खास तयार केलेल्या आहारावर त्याला आठ आठवडे ठेवावे. या काळात पोळीचा तुकडासुद्धा कोणी देऊ नये. त्याने फरक पडला नाही, तर हवेतल्या घटकांची ॲलर्जी धरून चालावे लागेल. तसे ठरले तर जून ते ऑक्टोबर आठवड्यातून दोनदा सौम्य स्टेरॉइडचे थेंब घालावे, असे मी सुचवेन. त्यामुळे कान पेटण्याआधीच दाह दबलेला राहतो आणि एकूण स्टेरॉइड चार वेळच्या उपचारांपेक्षा कमी लागते.

धागाकर्ती, पुणे

आहाराचा प्रयोग या रविवारपासून सुरू करते. आजोबांच्या हातून पडणाऱ्या बिस्किटांचा बंदोबस्त करावा लागेल. ठरवून दिलेले स्टेरॉइड मात्र मी आज स्वीकारत नाही. आधी पावसाळ्यात दर आठवड्याला कान धुऊन कोरडा ठेवते आणि महिन्यातून एकदा दोन्ही कानांची काचपट्टी करून घेते. पट्टी स्वच्छ असूनही कान लाल आणि खाजरा राहिला, तर तो दाहच आहे हे सिद्ध होईल, आणि तेव्हा मी तुमचे थेंब आनंदाने घालेन.

पशुवैद्य, चिपळूण

हा क्रम मला चालेल. एकच अट घालतो: पाळ उचलल्यावर नळीचे तोंड बारीक झालेले दिसले, किंवा बंड्याने मान एका बाजूला कलती धरली, तर पुढच्या काचपट्टीची तारीख येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.