शिकवलेला ऑपरेटर सोडून जातो : बाँड घ्यावा की नाही?

भोसरी_जॉबवर्क :
भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, सीएनसी आणि व्हीएमसीवर (संगणकाने चालणारी लेथ आणि मिलिंग मशीनं) जॉबवर्क करतो, म्हणजे गिऱ्हाईकाचे सुटे भाग बनवून देतो. आयटीआय करून आलेल्या पोरांना ड्रॉइंग वाचण्यापासून ऑफसेट (मापाची दुरुस्ती) देण्यापर्यंत सगळं इथेच शिकवावं लागतं. शिकेपर्यंत जॉब (बनवायचे भाग) रिजेक्ट होतात, इन्सर्ट (टूलची कापणारी पाती) तुटतात, कधी टूल धरणारा टरेट जॉब पकडणाऱ्या चकवर आदळतो आणि अलाइनमेंटला माणूस येईपर्यंत मशीन उभं राहतं. हा खर्च आमचा. पोरगा एकट्याने सेटिंग (नव्या जॉबसाठी मशीन जुळवणं) करायला लागला की चाकणच्या मोठ्या कंपनीत. तिथे बस, कँटीन, जास्त पगार.

माझ्या मते दोन वर्षांचा बाँड हवाच, आणि मध्येच सोडलं तर ठरलेली रक्कम भरायला हवी. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत राजीनामा दिल्यास २ लाख भरण्याची अट वैध ठरवली. बँकेला चालतं, मग लघुउद्योजकाने मागितलं की तोच का वाईट?

सेटर_खेड :
दादा, खर्च होतो हे खरं. मी याच धंद्यात शिकलोय, म्हणून विचारतो: पहिले कित्येक महिने ट्रेनी काय करतो? जॉब लावायचा, बटण दाबायचं, जॉब काढायचा, बर (धातूचा कीस) साफ करायची. त्या काळात तो तुम्हाला प्रॉडक्शन देतो, तेही हेल्परच्या पगारात. सेटिंग त्याला कुणी बसवून शिकवत नाही. सेटरच्या डोक्यावर शिफ्टचं टार्गेट असतं, शिकवण्यात गेलेला तास कुठे धरला जात नाही. वर त्याला धास्ती, की हा तयार झाला तर माझी गरज काय? पोरगं मागे उभं राहून बघून बघून शिकतं. जे त्याने स्वतः मिळवलं, त्याचे पैसे कशाचे मागता?

कलम_२७ :
त्या निकालाबद्दल. प्रकरण सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याचं होतं. नवी भरती करायला बँकेला जाहिरात, परीक्षा असा मोठा खटाटोप करावा लागतो, हे कोर्टाने धरलं आणि त्याचा पगार पाहता रक्कम अवाजवी नाही असं म्हटलं. ट्रेनीच्या पगारावर तोच आकडा लावून बघा. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात आकडा लिहिला म्हणून तेवढा मिळत नाही, वाजवी भरपाईच मिळते. म्हणून किती स्क्रॅप, किती मशीन-तास, याची नोंद ठेवा. आणि बाँडच्या नावाखाली मूळ मार्कशीट कपाटात ठेवून घेणं बंद करा. ही अडवणूक आहे.

सातपूर_अकाउंट्स :
माझा कौल भोसरीकरांना. हिशेब मी बघते. शिकाऊ उमेदवार योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा देतं, महिन्याला जास्तीत जास्त १५००. तुटलेल्या टूलचं कोण देतं? तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. मोठ्या कंपन्या तेवढे घेतात, पण बरेचदा लाइनवर स्वस्तातला हात म्हणून. तयार सेटर हवा असला की आमच्याकडचा उचलतात. ही फुकटेगिरी थांबवणार कोण?

सेटर_खेड :
ताई, फुकटेगिरी कंपनीची आणि दंड पोराला? भांडण तुमचं आणि त्यांचं आहे.

निदेशक_टर्नर :
मी आयटीआयमध्ये शिकवतो. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटतेय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांना नवख्यांना झटपट तयार करायचं होतं. त्यांनी आधी सुपरवायझरांना शिकवायला शिकवलं. कामाचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्यातली मेख कागदावर उतरवायची, मग करून दाखवायचं, त्याच्याकडून करून घ्यायचं, नंतर लक्ष ठेवायचं. पुढे टोयोटाने हीच पद्धत उचलली. आपल्याकडे चांगला सेटर हाच चांगला गुरू असं गृहीत धरतात, आणि सॉफ्ट जॉ (चकचा मऊ जबडा) किती घासायचा, पहिला पीस कुठे कुठे मोजायचा, हे सगळं एकट्याच्या डोक्यात राहतं. तो गेला की शॉप पुन्हा शून्यावर. बाँडने माणूस थांबेल, पण पुढचा माणूस तयार होणार नाही. माझा बाँडला विरोध नाही. आधी शिकवण्याचा तक्ता भिंतीवर लावा, मग सही मागा.

भोसरी_जॉबवर्क :
तक्ता लावू, सेटरचे शिकवण्याचे तासही धरू. पण दहा-बारा माणसांच्या शॉपला चाकणएवढा पगार परवडत नाही, जॉबवर्कचा दर गिऱ्हाईक ठरवतं. तक्त्याने माणूस थांबणार नाही, बाँड लागणारच.

कलम_२७ :
मग तो दोन्ही बाजूंनी बांधा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात तशी सोय आहे: शिकून झाल्यावर इथेच नोकरी करायची अट करारात असेल, तर उमेदवाराने ती करणं बंधनकारक आणि मालकाने नोकरी देणंही बंधनकारक. मुदत आणि पगार आधीच लिहायचा.

सेटर_खेड :
हे पटतं, पण दोन अटी. सेटिंग जमायला लागल्याच्या महिन्यापासून सेटरचा पगार, बाँड संपल्यावर नाही. आणि रक्कम दर महिन्याला उतरत जावी. तेविसाव्या महिन्यात जाणाऱ्याने पूर्ण रक्कम का भरायची? एवढं लिहून द्या, मी माझ्या पुतण्याला तुमच्याकडे पाठवतो.

भोसरी_जॉबवर्क :
रक्कम उतरती ठेवू. पगाराचं मात्र नाही. पहिल्या पिसापासून शेवटपर्यंत एकट्याने बॅच काढून दाखवेल, रिजेक्शन आमच्या मर्यादेत राहील, तेव्हाच सेटरचा पगार. कोण तयार झालं ते मशीनवर ठरेल.

सेटर_खेड :
ती मर्यादा किती, तेही त्याच कागदावर हवं.