विषय: 20 सप्टेंबरचा गणेशोत्सव आणि आमचा दारफाळणीचा सण

प्रेषक: मंडळाचे सचिव

नमस्कार मंडळी,
गणेश चतुर्थी सोमवारी, 14 सप्टेंबरला आहे. आपल्या कार्यक्रमासाठी हॉल रविवारी, 20 तारखेला मिळाला आहे. दुपारी 4 ला स्थापना, 6 ला मुलांचं शिवबाचं नाटक, मग आरती आणि जेवण. स्वयंपाकाला कोण कोण आहे ते बुधवारपर्यंत कळवा.

प्रेषक: नाटकाची ताई

सचिवदादा, नमस्कार.
तारखेबद्दल एक विनंती आहे. 20 तारखेच्या सूर्यास्तापासून आमचा योम किप्पूर, म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा उपास, सुरू होतो, तो 21 ला अंधार पडेपर्यंत. तेवढा वेळ अन्न नाही, पाणीही नाही. सूर्यास्ताआधी जेवून आमच्या प्रार्थनास्थळी, सिनेगॉगमध्ये, पोहोचायचं असतं. म्हणजे नाटकाच्या वेळी मी पडद्यामागे नसेन आणि माझी लेक मावळ्यांत नसेल. पोरीने सगळे संवाद पाठ केलेत. आरतीला मी उभी राहत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण नाटक चुकलं तर मला फार वाईट वाटेल.

मागे एकदा मला विचारलं होतं, "हे तुमचे सण मराठी मंडळात कसे?" तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं, आज देते. आम्ही बेने इस्रायली, कोकणातले मराठी ज्यू. माझ्या आजीच्या तोंडी 'योम किप्पूर' हा शब्द नव्हता. ती म्हणायची दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून, पांढरे कपडे घालून उपासाला बसायचं. दुसऱ्या दिवशी शिळा सण: दानधर्म आणि गाठीभेटी. घरी आलेले पूर्वजांचे आत्मे त्या दिवशी निरोप घेतात, असं जुनी माणसं मानत. रोश हशाना, आमचं नवीन वर्ष, म्हणजे नव्याचा सण, पुरीम म्हणजे होळीचा सण आणि तिशा बआव, यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास, म्हणजे बिरड्याचा रोजा. या सणांना आजीकडे दुसरी नावंच नव्हती.

प्रेषक: पेणचे काका

ताई, चूक आमची आहे. तारीख ठरवताना तुम्हाला विचारायला हवं होतं.
आमच्याकडे तुमच्या लोकांना शनवार तेली म्हणत. शनिवार तुमचा विश्रांतीचा दिवस, तेलाचा घाणा त्या दिवशी बंद, म्हणून ते नाव. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हानाबीचा टापा, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या येण्याची मानलेली खडकावरची खूण, आहे, तिथे नवस फेडायला येणारी कुटुंबं मी लहानपणी पाहिली आहेत. मलिद्याचं ताट अजून डोळ्यांसमोर आहे. भिजवलेले गोड पोहे, वर खोबरं आणि बाजूला फळं.
एक विचारतो. यंदा तुमचं नवीन वर्ष आणि आमची चतुर्थी इतकी जवळ कशी आली?

प्रेषक: नाटकाची ताई

काका, दोन्ही पंचांगं चंद्राची आणि दोन्हींत अधिक महिना. यंदा आमचा नव्या वर्षाचा महिना, तिशरी, तुमच्या भाद्रपदाबरोबर सुरू होतोय. काही वर्षी तो आश्विनाबरोबर येतो, मग नव्याचा सण घटस्थापनेजवळ. यंदा पुरीम आणि होळीही एकाच पौर्णिमेला आली होती. आमच्या घरी त्या दिवशी पुरणपोळी केली होती.

हनुक्का, ज्यूंचा दिव्यांचा सण, मात्र जुन्या बेने इस्रायलींना माहीत नव्हता. तो पुढे कोचीनच्या शिक्षकांमुळे आणि छापील पुस्तकांमुळे आला, तेव्हा आमच्या लोकांनी तोही आनंदाने घेतला. पुण्यात 1874 साली छापलेल्या मराठी हगादात, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेच्या सणाला वाचायच्या पुस्तकात, बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत! ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं.

इथल्या सिनेगॉगमध्ये बहुतेक मंडळी मूळची युरोपातली. नव्या वर्षाला सफरचंद आणि मध. आम्ही तेही खातो आणि घरी हलवाही करतो. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर. नारळाचं दूध अशासाठी की मांसाच्या जेवणासोबत गाईम्हशीचं दूध आम्हाला चालत नाही, आणि कोकणात नारळाला तोटा नव्हता. वाइनऐवजी किशमिश भिजवून केलेलं शरबत. इस्रायलमध्ये डिमोनाला राहणारी माझी मावशी आजही तेच करते आणि नव्या घरात पाऊल ठेवायच्या आधी मलिदा करते. शेजारच्या मोरोक्कोच्या बायकांना आता त्याची चव लागली आहे.

प्रेषक: मंडळाचे सचिव

ताई, हॉलवाल्यांशी बोललो. त्याच रविवारी सकाळी 9 पासून हॉल आपला. स्थापना 9:30, नाटक 11, जेवण 1 ला. दुपारी 3 पर्यंत तुम्ही घरी पोहोचाल. पुढच्या वर्षीपासून तारीख ठरवण्याआधी दोन्ही पंचांगं बघू. हलवा मिळेल का?

प्रेषक: नाटकाची ताई

दादा, मनापासून आभार. लेक उड्या मारतेय.
हलवा नक्की आणते. तूप अजिबात नाही, त्यामुळे दूध न चालणाऱ्या मुलांनाही देता येईल. कुरडयांसाठी चीक कसा काढायचा हे कोणाच्या आईला येत असेल तर शनिवारी रात्री अंधार पडल्यावर माझ्याकडे या, चीक गाळायला दोन हात हवेत. गहू 15 तारखेला भिजत घालते.