जुनं घर विकलं तर जीडीपी वाढतो का?

जुन्या घराच्या विक्रीची पूर्ण किंमत जीडीपीत, म्हणजे देशात वर्षभरात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांच्या एकूण मूल्यात, धरतात असं काहींना वाटतं, ते बरोबर नाही. ते घर बांधलं त्या वर्षीच मोजून झालं. आता धरायची ती फक्त दलाली आणि वकिलाची फी. शेअर्सचंही तेच.

मला खटकतं ते वेगळंच. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचं कधीच न दिलेलं भाडंसुद्धा अंदाजाने धरतात. घरकाम मात्र अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नावरच्या १९३४च्या अहवालात विश्वसनीय आधार नाही म्हणून वगळलं, ते आजही बाहेरच. अंथरुणाला खिळलेल्या आईची कूस बदलायला रात्री दोनदा उठणारी मुलगी हिशेबात कुठेच नाही. तेच काम पगारी नर्सने केलं की लगेच मोजलं जातं.