अमेरिकेत अधिकारी कोणाचा: राष्ट्राध्यक्षाचा की कायद्याचा?

अनुस्वार
२०२५ च्या पितृपक्षात माझी बहीण न्यू जर्सीहून पुण्याला आली होती, आईच्या श्राद्धासाठी. सर्वपित्री अमावास्या २१ सप्टेंबरला, रविवारी. त्याआधीच्या शुक्रवारी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जामागे एक लाख डॉलर शुल्क लावणाऱ्या घोषणेवर सही केली, अंमल रविवारपासूनच. तिच्या कंपनीचा निरोप आला, मिळेल त्या विमानानं परत या. शनिवारी रात्री ती निघाली. शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे, हा व्हाइट हाउसचा खुलासा आला तेव्हा ती विमानात होती. आईचं पान मी एकट्यानं वाढलं.

एका सहीत एवढं बळ कुठून येतं, हे तेव्हापासून वाचत आलोय. त्यांच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदाचं पहिलंच वाक्य कार्यकारी सत्ता एका राष्ट्राध्यक्षाच्या हाती देतं. त्याच्या हाताखाली वीस लाखांहून जास्त मुलकी कर्मचारी, पण राजकीय नेमणुका सुमारे चार हजार. बाकीचे सरकार बदललं तरी जागेवर राहतात. ही व्यवस्था रक्त सांडून आली आहे. १८८१ मध्ये चार्ल्स गिटो नावाच्या माणसानं राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी घातली, कारण प्रचाराच्या बदल्यात त्याला पॅरिसच्या वकिलातीत पद हवं होतं आणि ते मिळालं नव्हतं. १८८३ मध्ये पेंडलटन कायदा आला: नोकरी परीक्षेवर, वशिल्यावर नाही.

ही भिंत टिकायला हवी असं माझं ठाम मत आहे. ट्रम्प यांच्या २० जानेवारी २०२५ च्या आदेशानं धोरणाशी संबंध असलेली पदं वेगळ्या वर्गात टाकण्याचा रस्ता पुन्हा उघडला. त्या वर्गातल्या माणसाला काढणं सोपं. आणि धोरणाशी संबंध कोणाचा, हे शेवटी ठरवणार राष्ट्राध्यक्षच.

रानवाट
बहिणीबद्दल वाचून वाईट वाटलं. पण तुमचं उदाहरण तुमच्या मुद्द्याला लागू पडत नाही. ती घोषणा १९५२ च्या स्थलांतर कायद्यावर उभी आहे. परदेशी माणसांचा प्रवेश रोखण्याचा अधिकार काँग्रेसनंच, म्हणजे तिथल्या संसदेनंच, त्यात राष्ट्राध्यक्षाला देऊन ठेवलाय. कर्मचाऱ्यांना कितीही संरक्षण असतं तरी तिला विमान पकडावंच लागलं असतं.

दुसरं, पेंडलटन कायदा मुख्यतः नोकरीत घेण्याबद्दल होता. पक्षाला वर्गणी दिली नाही म्हणून काढू नका, एवढं त्यात होतं. काढण्यावरची खरी बंधनं कायद्यात आली ती १९१२ मध्ये. गारफील्ड यांच्या रक्ताचा हवाला या बंधनांना देऊ नका.

आता माझी बाजू. २०१४ मध्ये फीनिक्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात, उपचारासाठी ताटकळणाऱ्यांच्या खऱ्या याद्या लपवून वर खोटे आकडे पाठवल्याचं उघड झालं. मंत्री शिन्सेकी काही आठवड्यांत राजीनामा देऊन गेले. खालच्यांना हात लावणं मात्र इतकं किचकट होतं की २०१७ मध्ये काँग्रेसनं त्या खात्यापुरता वेगळा कायदा केला. लोक राष्ट्राध्यक्षाला निवडून देतात आणि काम झालं नाही तर त्यालाच जाब विचारतात. ज्याला जाब विचारायचा त्याला माणसं बदलता आली पाहिजेत.

कृष्णाकाठ
रानवाट, १९७२ आठवा. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा वकील जॉन डीन यानं करखात्याचे आयुक्त जॉनी वॉल्टर्स यांच्या हाती विरोधकांची यादी दिली: या लोकांची चौकशी लावा. वॉल्टर्स यांनी यादी अर्थमंत्री शुल्ट्झ यांना दाखवली आणि पुढे काहीही केलं नाही. प्रत्येक माणूस हुकमाचा ताबेदार असता तर? करखातं हे हत्यार आहे हो. घरोघरी पोचतं.

रानवाट
वॉल्टर्स यांना निक्सन यांनीच नेमलं होतं, शुल्ट्झ यांनाही. दोघांनाही कसलं संरक्षण नव्हतं, तरी ते नाही म्हणाले. म्हणजे कणा नियमावलीतून येत नाही.

अनुस्वार
तेव्हा दोन माणसं चांगली निघाली, हे खरं. पण देश त्यावर विसंबून राहिला नाही. राष्ट्राध्यक्षानं कोणाच्या कराची चौकशी करायला सांगणं हा गुन्हा, असा कायदा १९९८ मध्ये झाला. चांगला माणूस भेटेलच याची खात्री नसते, म्हणूनच नियम लागतात.

१९१२ बद्दल तुम्ही बरोबर आहात. मी दोन गोष्टी एकत्र केल्या.

देवगिरी
आपल्याकडे कलम ३११ आहे. चौकशी केल्याशिवाय, बाजू ऐकल्याशिवाय सरकारी नोकराला बडतर्फ करता येत नाही, मोजके अपवाद सोडले तर. एवढं तिथंही असायला काय हरकत आहे?

कृष्णाकाठ
देवगिरी, आपल्याकडे लोकसभेचा विश्वास गेला की पंतप्रधान जातो. तिथं मुदतीआधी घालवायचा मार्ग महाभियोगाचा, आणि त्याला सिनेटची, म्हणजे वरच्या सभागृहाची, दोन तृतीयांश मतं लागतात. आजवर एकही राष्ट्राध्यक्ष त्यात दोषी ठरलेला नाही. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मतानं वाचले, आणि तो खटलाही युद्धमंत्री स्टँटन यांना काढण्यावरूनच झाला होता. जिथं वरचा माणूस हलत नाही तिथं खालच्याला संरक्षण जास्तच हवं.

मुक्काम एडिसन
रानवाट यांना एकच प्रश्न. १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की व्यापार आयोगाच्या हम्फ्री यांना राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट केवळ मतभेदावरून काढू शकत नाहीत. (हम्फ्री तोवर वारले होते, थकलेल्या पगारासाठी त्यांच्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक लढला.) तुमच्या तर्कानं तो निकाल चूक. मग व्याजदर ठरवणाऱ्या मध्यवर्ती बँकेचं, फेडरल रिझर्व्हचं (फेडचं) काय? मे २०२५ मध्ये न्यायालयानं ट्रम्प यांनी काढलेल्या कामगार मंडळाच्या सदस्याला तात्पुरतं बाहेर ठेवू दिलं आणि त्याच आदेशात म्हटलं की फेडची गोष्ट वेगळी. वेगळी का? माझ्या गृहकर्जाचा दर निवडणुकीच्या तोंडावर कोणी फोन करून ठरवावा, हे तुम्हाला चालेल?

रानवाट
नाही चालणार. आणि माझ्या तर्कात फेडला वेगळं काढायला जागा नाही, हेही कबूल करतो. पण उपाय काँग्रेसनं करावा. दिलेले अधिकार तिनं परत घ्यावेत. १९५२ चा तो अधिकारसुद्धा.

अनुस्वार
ते परत घेणंच अवघड होऊन बसलंय. केनियात जन्मलेला, भारतीय वंशाचा जगदीश राय चड्ढा शिकायला अमेरिकेत आला. व्हिसा संपल्यावर त्याला राहू द्यायचं स्थलांतर खात्यानं ठरवलं. प्रतिनिधीगृहानं, म्हणजे खालच्या सभागृहानं, एकट्याच्या ठरावानं तो निर्णय फिरवला, कारण तशी सोय त्याच १९५२ च्या कायद्यात होती. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती सोय घटनाबाह्य ठरवली. चड्ढा राहिला, याचा मला आनंद आहे. पण तेव्हापासून अधिकार परत घ्यायचा तर दोन्ही सभागृहांचा ठराव राष्ट्राध्यक्षाच्याच सहीला जातो. २०१९ मध्ये ट्रम्प यांनी जाहीर केलेली मेक्सिको सीमेवरची आणीबाणी संपवायचा ठराव दोन्हीकडे मंजूर झाला, त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचं बहुमत असलेल्या सिनेटमध्येही. ट्रम्प यांनी तो नाकारला. मग प्रतिनिधीगृहात २४८ विरुद्ध १८१ मतं पडली, तो नकार उलटवायला लागणारी दोन तृतीयांश झाली नाहीत, आणि आणीबाणी चालू राहिली.