वाढत्या पोरासाठी स्लालम स्की (बोटीमागे पाण्यावर घसरायची एकच लांब फळी) : कोणत्या मापाची घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही पवनी तालुक्यातले, धानाची शेती. पोरगा 12 वर्षांचा, वजन 36 किलो. दोन उन्हाळे मामाकडे अमेरिकेत गेला आणि तिथल्या तळ्यात बोटीमागे दोन स्कीवर चांगला उभा राहू लागला. आता एका स्कीवर जायचं खूळ डोक्यात बसलंय. (गोसीखुर्द धरणाचं पाणी पाहिलं की इथंच बोट बांधायला निघतो!)

मामा म्हणतो, "भाऊजी, माप तुम्ही ठरवा." मी आपला शाळेच्या ड्रेससारखा हिशोब केला, दोन बोटं मोठीच घ्यावी. पण वाचलं तर कळलं, लांबी उंचीवर नाही, वजन आणि बोटीच्या वेगावर ठरते. छोटी घेतली तर पाण्यातून उठताना बुडते, फार लांब घेतली तर वळता वळत नाही. पोरगा हळू वेगातच शिकणार, म्हणून मला रुंद पात्याची बरी वाटते.

खरा घोर स्कीवर पाय धरून ठेवणाऱ्या पकडीचा आहे. पाय वर्षाला एक-दोन नंबर वाढतो. सैल पकडीत पडताना एक पाय सुटला आणि दुसरा अडकला, तर घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. म्हणून तिथं वाढतं माप नकोच.

ज्यांच्या पोरांनी हा खेळ केलाय त्यांनी सांगा: मागचा पाय नुसत्या पट्ट्यात ठेवावा की पूर्ण बुटात? सरकवून मोठी करता येणारी पकड किती वर्षं पुरते? जुनी स्की घ्यायची तर आधी काय तपासायचं?