एफवाय झालं, मायनर कुठला घेऊ? पुढे कॉग्निटिव्ह सायन्स करायचंय

मिऱ्याचा_वारा:
रत्नागिरीत बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करतेय. आता मायनर ठरवायचाय: स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी की फायनान्स? पुढे कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे मन आणि मेंदू विचार कसा करतात याचा अभ्यास, करायचंय म्हटलं की लोक म्हणतात, "म्हणजे सायकॉलॉजीच ना?" बाबांचा एकच प्रश्न, नोकरी मिळते का.

हे खूळ आलं आजोबांमुळे. ते तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके होते, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. नकाशा दिला तर उलटा धरतात. पण दीपगृह आणि मागची टेकडी एका रेषेत आली की म्हणायचे, "थांबव, हितं खडप हाय." आणि खाली खडप, म्हणजे पाण्यातला खडक, असायचंच. काकाच्या होडीत जीपीएस आहे. स्क्रीन बंद पडली की तो गुपचूप मागे फिरतो. आजोबांच्या डोक्यात नेमकं काय चालायचं? कोणी गेलंय का या वाटेने?

काजूबोंड:
गेलोय. चिपळूणचा आहे, बीए भाषाशास्त्र करून आयआयटी गांधीनगरला एमएस्सी केलं. तिथे कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. वर्गात इंजिनियर, तत्त्वज्ञानवाले, एक फिजिओथेरपिस्टसुद्धा. अलाहाबाद विद्यापीठाचं केंद्र तर २००२ पासून आहे. हैदराबाद विद्यापीठ आणि आयआयटी कानपूरही बघून ठेव.

मायनर डोळे मिटून स्टॅटिस्टिक्स घे. सायकॉलॉजीची पुस्तकं घरी वाचता येतात, पण प्रयोगाचे आकडे समोर आले आणि स्टॅट्स कच्चं असलं की रडू येतं. मला आलं होतं, पहिल्या सेमला.

तुझ्या आजोबांचा प्रश्न मात्र सोडू नकोस. एडविन हचिन्स हा मूळचा मानववंशशास्त्रज्ञ. अमेरिकी नौदलाच्या जहाजावर जाऊन बसला, दिशा कशी ठरते ते बघायला. त्याचं म्हणणं, तो विचार एकट्या कुणाच्या डोक्यात होत नाही. नकाशा, उपकरणं आणि खलाशी मिळून तो करतात. आता दीपगृह, टेकडी आणि आजोबा हे तिघे एकत्र धर. इंटरव्ह्यूला हेच सांग, पाठ केलेल्या व्याख्या नकोत.

आगोट:
बाबांच्या बाजूने बोलतो, मलाही मुलगी आहे. नुसत्या या पदवीवर कॅम्पसला रांग लागत नाही. पण कोडिंग येत असेल तर यूएक्स रिसर्च (लोक अ‍ॅप, वेबसाइट कसे वापरतात याचा अभ्यास), भाषा-तंत्रज्ञान अशी दारं आहेत. मेजर कॉम्प्युटर आहे ना? मग बाबांना म्हणावं, बुडालं तरी होडी आपलीच आहे.

तिसरी_घंटा:
सायकॉलॉजी शिकवते, तरी काजूबोंडशी सहमत. आमचा विषय स्वयम-एनपीटीईएलवर, म्हणजे सरकारी ऑनलाइन कोर्सवर कर. शिकणं फुकट, परीक्षेची तेवढी फी. केंद्र कुठे आहे ते आधी बघ. माझ्या एका विद्यार्थिनीला पहाटेच्या एसटीने आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावं लागलं, उलट्या करत. क्रेडिट धरणार का, हे कॉलेजकडून लेखी घे. तोंडी "हो हो" नंतर कोणाला आठवत नाही.

आणि सुट्टीत एक करून बघ. स्ट्रूपचा प्रयोग, १९३५ चा. 'लाल' हा शब्द हिरव्या स्केचपेनने लिही, समोरच्याने शाईचा रंग सांगायचा, शब्द वाचायचा नाही. पण शब्द आपोआप वाचला जातो आणि माणूस अडखळतो. वीस कार्डं, मोबाइलचं स्टॉपवॉच. मराठी आणि इंग्रजी शब्दांचे वेगळे गठ्ठे कर.

मिऱ्याचा_वारा:
केलं! चुलतभाऊ मराठी गठ्ठ्याला ३१ सेकंद, इंग्रजीला २४. उत्तरं मराठीतच द्यायची होती, म्हणून मराठी शब्द जास्त आडवे आले असावेत. पण इंग्रजी गठ्ठा नंतर घेतला, तोवर हात बसला असेल त्याचा. आता दुसऱ्या भावावर उलट्या क्रमाने करणार आहे.

मग आजोबांना बसवलं. दोन्ही गठ्ठे, एकदाही अडले नाहीत. मला वाटलं, आजोबा म्हणजे काय डोकं! आई आतून ओरडली, "अगो, त्यांना वाचता कुठे येतं!"

स्टॅट्सचा फॉर्म भरला आज.