मदत हवी आहे: डीएनए टेस्टमधून वडिलांकडचं घर सापडलंय, आज रात्रीपर्यंत उत्तर द्यायचंय

निशिगंध:
नमस्कार. घाईत लिहितेय, समजून घ्या. रिझल्ट आल्यापासून त्या बाईंचे रोज मेसेज येताहेत. त्यांनी घरच्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची लिंक पाठवलीय आणि उद्या सगळे मिळून व्हिडिओ कॉल करू म्हणताहेत. मी मुलाला एकटी वाढवतेय, दोन ठिकाणी काम करते आणि सध्या हात फार आखडलाय. हे त्यांना आधीच सांगावं का? सांगितलं तर वाटेल पैशासाठी आली. नाही सांगितलं आणि पुढे कळलं तर वाटेल लपवाछपवी केली. आणि ग्रुपमध्ये जावं की नाही? शक्यतो अनुभव असलेल्यांनी लिहा, आज रात्रीपर्यंत उत्तर द्यायचंय.

मोरपंखी:
कसले रिझल्ट? कोण बाई? तुमच्या कोण लागतात त्या?

पिंपळपान:
शीर्षकात डीएनए म्हटलंय, मोरपंखी. निशिगंध, आधी आईला विचारा ना. वडिलांकडचं घर तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? आईशी बोलल्याशिवाय काहीच करू नका.

स्पष्टवक्ती:
लिंकवर बोट ठेवू नका. नातेवाईक बनून गळ टाकणारे भरपूर आहेत. एकटी बाई, मूल, पैशाची चणचण, एवढं कळलं की समोरचा बरोबर ओळखतो कुठे दाबायचं ते. माझा सल्ला एकच: ब्लॉक.

निशिगंध:
सगळं लिहिते. मुलाच्या शाळेच्या खेळाच्या फॉर्मवर 'घराण्यातले आजार' असा रकाना होता. माझ्या वडिलांच्या बाजूचं लिहायला माझ्याकडे एक ओळही नव्हती. आईने त्यांचं नाव कधी सांगितलं नाही आणि आई आता नाही. त्यामुळे तिला विचारणं शक्य नाही, पिंपळपान. लाळेची नळी पाठवली ती आजारांचं काही कळेल म्हणून. जुळणाऱ्यांच्या यादीत सगळ्यात वर या बाई निघाल्या. लिंक उघडलेली नाही.

पिंपळपान:
माफ करा, आईचं माहीत नव्हतं.

गणिती:
किती सेंटीमॉर्गन (डीएनए किती जुळतो ते मोजायचं माप) जुळलेत? त्यांचं वय, तुमचं वय? त्यांच्या घरातलं आणखी कोणी यादीत आहे का? साइट जे नातं लिहिते तो अंदाज असतो, आकडा द्या. आणि स्पष्टवक्ती, डीएनएचा आकडा कोणाला खोटा बनवून पाठवता येत नाही. तो कंपनीच्या खात्यात दिसतो, मेसेजमध्ये नाही.

स्पष्टवक्ती:
आकडा खरा असेल, हेतू खरा असेलच असं नाही. आणि त्या कंपन्यांचं मला सांगू नका. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मीच्या सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही. निशिगंध, काम झाल्यावर नमुना आणि खातं दोन्ही पुसायला सांगा.

निशिगंध:
१७९० दाखवतंय. त्या ५८ च्या, मी ३४. त्यांचा मुलगाही यादीत आहे, त्याच्याशी ८७४. मातृवंशाचा गट, म्हणजे जो फक्त आईकडून मुलांत येतो, तो त्यांचा आणि माझा वेगळा आहे, म्हणजे आईकडच्या नाहीत एवढं मला कळलं. पण माझा प्रश्न वेगळा आहे हो.

गणिती:
तुमच्या प्रश्नाकडेच येतोय, कारण नातं कोणतं त्यावर उत्तर अवलंबून आहे. १७९० म्हणजे साधारण पाव हिस्सा. हा आकडा आजीचा असू शकतो, आत्याचा असू शकतो, किंवा वडील तेच आणि आई वेगळी अशा बहिणीचाही. तुमच्यात २४ वर्षांचं अंतर आहे, म्हणून आजी बाद. उरल्या आत्या आणि बहीण.

पिंपळपान:
पण त्यांच्या मुलाशी ८७४ आहे ना? म्हणजे तो आतेभाऊ. म्हणजे त्या आत्या. सुटलं की!

गणिती:
नाही सुटलं. आतेभावाशी साधारण साडेबारा टक्के जुळतं आणि अशा बहिणीच्या मुलाशीही तेवढंच. ८७४ दोन्हीकडे बसतो. फरक कळेल एक्स गुणसूत्रावरून. पुरुषाकडे एक्स एकच असतो आणि तो मुलीला जवळजवळ जसाच्या तसा देतो. त्यामुळे एकाच बापाच्या दोन मुलींचा एक पूर्ण एक्स जुळतो. आत्याशी बहुतेक वेळा तुकड्यांत जुळतो. सगळ्या साइट एक्स दाखवत नाहीत, तुमची दाखवते का बघा.

आजोबा६८:
निशिगंधताई, मी निवृत्तीनंतर आमची आठ पिढ्यांची वंशावळ तयार केली. घाई करू नका. आधी कागद घ्या, मध्ये तुमचं नाव, डावीकडे आईचं घर, उजवीकडे वडिलांचं. प्रत्येक चौकटीत नाव, जन्मवर्ष, मृत्यूवर्ष, मृत्यूचं कारण. त्या बाईंना हाच कागद भरून मागा. गप्पांपेक्षा कागदावर माणसं जास्त खरी उतरतात. हवा असेल तर माझा नमुना व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.

पिंपळपान:
जरा स्पष्ट विचारते, मुलाचे वडील कुठे आहेत? दुसऱ्या लग्नाचा विचार केलाय का? एकट्या बाईला आधार लागतोच, मग तो नव्या नातेवाइकांपेक्षा...

कातरवेळ:
पिंपळपान, हे कोणी विचारलं होतं? त्यांनी पहिल्या ओळीतच घाईत आहे म्हणून सांगितलंय. कृपया असले प्रश्न इथे नकोत.

निशिगंध, मला असाच एक भाऊ वयाच्या चाळिशीनंतर सापडला. मी पहिल्याच फोनवर माझं सगळं आयुष्य त्याच्यापुढे ओतलं. तोही ऐकत राहिला, रडला. मग हळूहळू त्याचे फोन कमी झाले आणि थांबले. तो वाईट नव्हता. एवढं सगळं एकदम पेलणं त्याला जमलं नाही. म्हणून सांगते, ग्रुप नको. वीस माणसांना एकदम कोणी भेटू शकत नाही. आधी एकाच माणसाशी बोला, तेही थोडं थोडं.

मोरपंखी:
ग्रुपमध्ये जाऊन नोटिफिकेशन म्यूट करता येतं. ग्रुपचं नाव दाबायचं, म्यूट, ऑलवेज. मी आमच्या सासरच्या ग्रुपला तसंच ठेवलंय.

निशिगंध:
कातरवेळ, मनापासून आभार. गणिती, एक्समध्ये दोन तुकडे जुळतात, पूर्ण नाही. तशी मला शंका नव्हतीच, त्यांनीच लिहिलंय की मी त्यांच्या भावाची मुलगी असणार. मेसेज इथे टाकते, नावं काढून:

"तुझा फोटो घरात सगळ्यांनी पाहिला आणि कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. भुवया थेट दादाच्या. दादा ४१ चा होता गं, मॅच खेळता खेळता मैदानातच कोसळला, दवाखाना गाठेपर्यंत गेला. तुझ्याबद्दल आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. माहीत असतं तर तुला इतकी वर्षं एकटी राहू दिली नसती. धाकट्यालाही तुला बघायचंय, तो तब्येतीमुळे फार फिरत नाही. ये."

आता सांगा, परिस्थितीबद्दल लिहावं की नाही?

स्पष्टवक्ती:
म्हणजे भाऊ दोन. एक गेला, एक आहे. आणि मुलगी कोणाची, तर जो उत्तर द्यायला नाही त्याची. सोयीचं आहे.

कातरवेळ:
बाईने गेलेल्या भावाच्या भुवया ओळखल्या, त्यावर असं लिहायचं? कोणावर तरी विश्वास ठेवा की.

स्पष्टवक्ती:
मी निशिगंधच्या बाजूनेच बोलतेय. उद्या तिने ज्याला बाप मानून रडायचं तो भलताच निघाला तर? ते दुःख तुम्ही घेणार आहात का?

गणिती:
एक्स तुकड्यांत जुळला म्हणजे आत्या, हे नक्की धरा. पण भावाचा मुद्दा स्पष्टवक्ती बरोबर मांडताहेत. बहिणीशी जुळणारा आकडा कोणत्या भावाची मुलगी ते सांगत नाही, दोघांच्या मुलींचा सारखाच येईल. दादांना मूल असेल आणि त्यांनी टेस्ट केली तर कळेल: १७०० च्या आसपास आलं तर भावंडं, ८५० च्या आसपास आलं तर चुलत भावंडं. या दोन आकड्यांत फारशी गल्लत होत नाही.

नाडीपरीक्षा:
सगळे जरा थांबा. मी डॉक्टर नाही, पण बरीच वर्षं हृदयाचे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढते. ४१ व्या वर्षी खेळताना कोसळून गेलेला माणूस आणि 'तब्येतीमुळे फार न फिरणारा' त्याचा भाऊ. निशिगंध, तुमचा मुलगा कोणत्या वयाचा आहे, आणि तो खेळाचा फॉर्म कसला होता?

निशिगंध:
अकरा. फुटबॉलच्या संघासाठी. का?

नाडीपरीक्षा:
घाबरवत नाही, पण हे आजच कळायला हवं. तरुण वयात खेळताना अचानक मृत्यू येण्यामागे जी कारणं सापडतात त्यात हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी हे एक ओळखीचं कारण आहे. हृदयाचा स्नायू वाजवीपेक्षा जाड होतो. फार दुर्मीळ नाही, साधारण ५०० माणसांत एकाला असतो, आणि पुष्कळांना पत्ताच नसतो. बहुतेक घरांत तो आईबापापैकी एकाकडून मुलांत येतो, प्रत्येक मुलात यायची शक्यता निम्मी. दुसरीही कारणं असू शकतात, म्हणून आज त्या बाईंना एवढंच विचारा: दादांचं शवविच्छेदन झालं होतं का, त्यात काय लिहिलंय, आणि धाकट्या भावाला नेमकं काय झालंय. घरात कोणाची जनुक तपासणी झाली असेल तर त्या रिपोर्टची प्रत मागा.

पिंपळपान:
पण निशिगंधने डीएनए टेस्ट केलीच आहे ना? त्यात आजार आला असता.

नाडीपरीक्षा:
नाही येत. घरबसल्या केलेल्या वंशाच्या टेस्टमध्ये काही निवडक जागा बघतात. या आजाराचे बदल अनेक जनुकांत, अनेक जागी असतात. तिथे काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

आजोबा६८:
म्हणूनच मी 'मृत्यूचं कारण' ही चौकट म्हटली होती. आमच्याकडे तीन पिढ्यांतले मधुमेहाचे सगळे त्या कागदावर एका बाजूला दिसले, तेव्हा कुठे मुलांनी मनावर घेतलं.

निशिगंध:
हात थरथरताहेत. मी इतके दिवस पैशाचं कसं लिहू याच विचारात होते. लगेच विचारते.

कातरवेळ:
लिही. आणि एकटी आहेस असं समजू नकोस, आम्ही जागे आहोत.

निशिगंध:
उत्तर आलं. मी लिहिलं होतं: "ग्रुपमध्ये आत्ता येत नाही, मला आधी फक्त तुमच्याशी बोलायचंय. माझा मुलगा फुटबॉल खेळतो. दादांना आणि धाकट्या भावाला नेमकं काय होतं ते सांगाल का?" त्यांनी मेसेज न करता फोनच केला. दादांच्या शवविच्छेदनात हृदय मोठं, भिंत जाड असं लिहिलंय. धाकट्या भावालाही तेच निघालं, तो गोळ्यांवर आहे. त्याची जनुक तपासणी झालीय, रिपोर्ट त्याच्याकडे आहे, उद्या फोटो पाठवणार आहेत. त्यांच्या स्वतःच्या मुलाचा इको दर काही वर्षांनी होतो. मला हे कसं सांगावं याचीच त्यांना धास्ती होती, पहिल्याच मेसेजात सांगितलं तर मी पळून जाईन असं वाटलं.

नाडीपरीक्षा:
भावाचा रिपोर्ट आहे हे फार चांगलं झालं. त्यात नेमका बदल लिहिलेला असतो. तो कागद घेऊन हृदयाच्या डॉक्टरांकडे आणि जनुक सल्लागाराकडे जा. आधी तुमची तपासणी: ईसीजी, इको आणि नेमक्या त्याच बदलाची जनुक चाचणी. तुमच्यात तो बदल नसेल तर मुलामागे सहसा वेगळी धावपळ लागत नाही. असेल तर मुलाचीही तपासणी. नुसता इको चांगला आला म्हणून विषय संपवू नका, जाडी मोठेपणीही येऊ शकते. आजार निघालाच तरी औषधं आहेत, नियमित लक्ष ठेवता येतं, आणि जास्त धोका असलेल्यांना छातीत यंत्र बसवतात. नीट सांभाळून म्हातारे झालेले कितीतरी पेशंट मी पाहिलेत.

गणिती:
आणि आजारापुरता दोन्ही भावांचा प्रश्न आता उरला नाही. दोघांनाही तो होता, त्यामुळे वडील कोणीही असले तरी तुमची तपासणी तीच. वडील कोण हे तुम्हाला मनासाठी हवं असेल तर दादांच्या मुलांबद्दल नंतर विचारा.

निशिगंध:
दादांना एक मुलगी आहे. तिने आपणहून टेस्ट करायची तयारी दाखवलीय म्हणे.

स्पष्टवक्ती:
मग माझा आक्षेप मागे. तरी खात्याचा पासवर्ड बदला आणि पैशाचे तपशील कोणाला देऊ नका.

मोरपंखी:
मूळ प्रश्न राहिलाच की. परिस्थितीचं सांगितलं का?

निशिगंध:
सांगितलं नाही, त्यांनीच विचारलं. "तू कामावर असतेस तेव्हा पोराजवळ कोण असतं?" मी म्हटलं, कोणी नाही. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की त्या रोज दुपारी घरीच असतात, शाळेतून आला की त्याने व्हिडिओ कॉल लावून ठेवावा आणि अभ्यास करावा, त्या समोर बसतील. पैशाचा विषय दोघींनीही काढला नाही. त्यांना आत्या म्हणायला अजून तोंड वळत नाही, पण हो म्हणून आले.

नाडीपरीक्षाताई, एकच शेवटचं. परवा त्याची मॅच आहे. माझी तपासणी होईपर्यंत खेळू द्यावं का?

नाडीपरीक्षा:
डॉक्टरांनी बघेपर्यंत मॅच आणि पळण्याचा सराव थांबवा. चालणं, नेहमीचं हिंडणं चालेल. तो खेळताना कधी चक्कर येऊन पडलाय का, छातीत दुखतं किंवा धडधडतं म्हणालाय का? तसं असेल तर तुमच्या रिपोर्टची वाट न बघता उद्याच त्याला दाखवा.

निशिगंध:
पडला नाही कधी. धडधडतं असं मागे एकदा म्हणाला होता, मला वाटलं पळून आलाय म्हणून. उद्या सकाळी कामावर सुट्टी सांगून त्यालाच आधी नेते. शाळेला आत्ता मेल करतेय.